फेशियलनंतर ३१ चे ५२ कसे होतात: त्वचेचा ओलावा मोजणाऱ्या पेनाबद्दल

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की कळव्याला मावशीचं पार्लर आहे, तिने ऑनलाइन साडेसातशे रुपयांचं पेनसारखं मॉइश्चर मीटर मागवलंय, फेशियलच्या आधी गालाला टेकवलं की ३१ टक्के दाखवतं आणि नंतर ५२, क्लायंट खूश, मावशी खूश, आणि तुला (इन्स्ट्रुमेंटेशन, थर्ड इयर) शंका आलीये की हे खरं का, आणि असंच यंत्र प्रोजेक्टसाठी घरी बनेल का. माझ्या मुलीच्या वयाची आहेस म्हणून एकेरीत लिहितो, राग नसावा. मी गेली १९ वर्षं महापे-रबाळे पट्ट्यात क्रीम-लोशनं तपासणाऱ्या लॅबमध्ये हीच यंत्रं हाताळतो, त्यांचं कॅलिब्रेशन, दुरुस्ती, आणि त्यांच्या आकड्यांवरून होणारी भांडणं, सगळं माझ्याच टेबलावर येतं, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी निकाल सांगून टाकतो. ३१ आणि ५२, दोन्ही आकडे पेनाला खरोखर दिसले असणार. पण त्यापुढचा 'टक्के' हा शब्द खोटा आहे आणि वाढलेल्या २१ मध्ये वाफेचा वाटा किती, ओल्या कापसाचा किती आणि क्रीमचा किती हे पेनाला सांगताच येत नाही.

आता हे असं का. त्वचेचा सगळ्यात वरचा थर, स्ट्रेटम कॉर्नियम, तो मेलेल्या पेशींचा असतो, गालावर-हातावर जेमतेम १० ते २० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही बारीक. हा थर म्हणजे पापड समज. कोरड्या हवेत कडकडीत, ताणला की तडकणारा, आणि दमट हवेत ठेवला की सादळणारा. त्याच्या खाली जी जिवंत कातडी आहे ती कायम ओलीच असते, तिथे पाणी ७० टक्क्यांच्या आसपास, आणि वर येता येता ते उतरत जाऊन अगदी पृष्ठभागाशी १० ते ३० टक्के उरतं. अर्विन ब्लँक नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९५२ मध्ये दाखवलं की वाळून कडक झालेली ही वरची कातडी नुसत्या तेलाने मऊ पडत नाही, पाण्याने पडते. म्हणजे आपण ज्याला मऊसूत त्वचा म्हणतो ती म्हणजे नीट सादळलेला पापड, आणि आपली सगळी यंत्रं एवढंच विचारतात की पापड किती सादळलाय.

विचारायची पद्धत मात्र दोन प्रकारची आहे. एक, धातूची दोन टोकं किंवा कड्या थेट कातडीला टेकवायच्या, बारीकसा करंट सोडायचा आणि तो किती सहज जातो ते बघायचं. कोरडा कॉर्नियम जवळपास इन्सुलेटर असतो, त्यात पाणी आणि त्या पाण्यात विरघळलेले क्षार आले की करंटला वाट मिळते. जपानमध्ये हाचिरो तागामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये ह्याच तत्त्वावर, ३.५ मेगाहर्ट्झ वापरून, माणसाच्या त्वचेवर मोजमाप करून दाखवलं, आणि पुढे स्किकॉन हे यंत्र त्याच वाटेने बाजारात आलं, त्याचं उत्तर मायक्रोसीमेन्समध्ये, म्हणजे करंट किती सहज जातो त्याच्या एककात येतं. दुसरी पद्धत कपॅसिटरची, म्हणजे चार्ज साठवणाऱ्या भागाची. दोन कंगव्यांचे दात एकमेकांत अडकवल्यासारखी सोन्याच्या मुलाम्याची नक्षी, तिच्यावर इन्सुलेशन, म्हणजे धातू कातडीला लागतच नाही. पाण्याचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट (कपॅसिटरला जास्त चार्ज साठवू देण्याचा गुण) ८० च्या आसपास आणि कातडीतल्या बाकीच्या कोरड्या मालाचा एक आकडी, त्यामुळे पाणी थोडं वाढलं तरी कपॅसिटन्स (ही साठवायची क्षमता) वाढतो आणि ऑसिलेटरची, म्हणजे सतत विजेच्या लहरी काढणाऱ्या सर्किटची, फ्रिक्वेन्सी खाली येते. जर्मनीतल्या कोलोनच्या कंपनीचं कॉर्निओमीटर असं चालतं, १ मेगाहर्ट्झच्या आसपास. आमच्या टेबलावर ही दोन्ही जातीची यंत्रं आहेत आणि दोघांचे स्वभाव वेगळे आहेत, फार कोरड्या कातडीत कपॅसिटर वाला बारीक फरक पकडतो आणि बऱ्यापैकी ओल्या कातडीत करंट वाला, त्यामुळे एकाच क्रीमवर दोघांचं मत कधी कधी जुळत नाही आणि नवीन पोरं घाबरतात.

आणि लाखांच्या घरातलं हे कॉर्निओमीटर सुद्धा टक्के दाखवत नाही हं! ते स्वतःचे मनाचे युनिट दाखवतं, ढोबळमानाने ३० च्या खाली फार कोरडी, ४० च्या वर गेलं की बरी, एवढंच. कारण वीज मोजून पाण्याचा टक्का काढायचा तर कातडीतले क्षार, तिची जाडी, तापमान, सगळं माहीत पाहिजे. पाण्याचा खरा टक्का जिवंत माणसात मोजायचा असेल तर कॉन्फोकल रामन स्पेक्ट्रोस्कोपी (विखुरलेल्या लेझर प्रकाशावरून पदार्थ ओळखायची पद्धत) लागते, सी. व्ही. रामन यांनी १९२८ मध्ये शोधलेल्या त्याच परिणामावर चालणारी, आणि ते प्रकरण पार्लरच्या काउंटरवर मावणारं नाही. मग मावशीचं पेन टक्के कुठून आणतं? आत एक तक्ता भरलेला असतो, इतका करंट आला की इतका आकडा, आणि पुढे टक्क्याचं चिन्ह. बरीच पेनं त्याच दोन टोकांवरून 'तेल' पण दाखवतात, मला त्याचं भारी हसू येतं, कारण तेलातून वीज जातच नाही, मग मोजलं कशाने? तेल मोजायचं खरं यंत्र वेगळंच आहे, त्यात धूसर प्लास्टिकची पट्टी कपाळाला दाबतात, तेल लागलं की ती पारदर्शक होते आणि मग त्यातून प्रकाश किती जातो ते बघतात. वडापावचा कागद तेलाने जसा आरपार दिसायला लागतो तसंच.

आता घामाबद्दल, कारण ठाण्यात राहून ह्या विषयात सगळ्यात जास्त डोकं खाल्लंय ते घामाने. घाम म्हणजे पाणी अधिक मीठ, दोन्ही विजेच्या आवडीचे. आमच्याकडे पॅनलवर, म्हणजे स्वतःवर क्रीम लावून बघायला, येणाऱ्या बायका ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची लोकल पकडून रबाळ्याला उतरतात, तिथून शेअर रिक्षा, आणि मे महिन्यात आल्या आल्या हाताला प्रोब (यंत्राचं टेकवायचं टोक) लावला तर यंत्र सांगणार की ह्यांच्यासारखी तजेलदार त्वचा नवी मुंबईत दुसरी नाही. म्हणून नियम असा, की आल्यावर अर्धा तास एसी खोलीत, बाह्या वर करून, शांत बसायचं. खोली २० ते २२ अंश, आर्द्रता ४० ते ६० टक्के. हे आमच्या मनाचं नाही, युरोपातल्या ह्या विषयाच्या तज्ज्ञांच्या गटाच्या मार्गदर्शनातही साधारण असंच सांगितलेलं आहे. चहा गरम नको, मोबाइलवर भांडण नको, कारण टेन्शनने पण घाम सुटतो.

एक किस्सा सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट, जूनचा दुसरा आठवडा, पहिला दणदणीत पाऊस. एका क्रीमची टेस्ट चालू होती, प्रत्येक बाईच्या एका हाताला औषधी घटक असलेलं क्रीम, दुसऱ्याला तेच क्रीम बिनघटकाचं, आणि मनगटाजवळ एक चौकोन काहीच न लावलेला. जेवणानंतर एसीचा कॉम्प्रेसर बसला. कुणाच्या लक्षातच आलं नाही कारण पंखा चालू होता, हवा गार लागत होती. चार वाजताची रीडिंगं मी स्वतः घेतली आणि सगळी वर, क्रीम भारी चाललंय असं वाटावं इतकी वर. क्लायंटचा माणूस बाजूलाच उभा, त्याने लगेच साहेबांना फोन लावला. मी सवयीने तो काहीच न लावलेला चौकोन तपासला तर तोही तेवढाच वर चढलेला! भिंतीवरचा हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता मोजणारा) बघितला तर ७० च्या पुढे. त्या माणसाला म्हटलं, दादा, तुमचं क्रीम नाही, पाऊस काम करतोय. अख्खा दिवस फुकट गेला, पॅनल परत बोलवावं लागलं, पैसे कोणी द्यायचे ह्यावर महिनाभर पत्रव्यवहार. पण त्या बिनक्रीमच्या चौकोनाने वाचवलं. तुझ्या मावशीच्या प्रयोगात तो चौकोनच नाहीये, सगळी गोची तिथे आहे.

तिच्या फेशियलमध्ये काय काय होतं बघ ना. क्लीन्झिंग, मग दहा मिनिटं वाफ, मग स्क्रब, मग ओल्या कापसाने पुसणं, मग मास्क, परत ओला स्पंज, आणि शेवटी क्रीम, आणि क्रीम हातानं पसरेपर्यंत पेन गालावर! पापडाला पाण्याचा हात लावून लगेच विचारतोय की सादळला का. हे वरवरचं पाणी दहा-पंधरा मिनिटांत उडून जातं, आणि साबणाने चेहरा धुतला असेल तर आकडा कधी कधी आधीपेक्षाही खाली जाऊन बसतो कारण पाणी धरून ठेवणारे पदार्थही साबणाने थोडे वाहून गेलेले असतात. क्रीममध्ये ग्लिसरीन असेल तर ते पाणी धरून ठेवतं, ते खरं काम आहे, पण ते दिसायला तास-दोन तास थांबावं लागतं. शिवाय घोडबंदरसारख्या टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्याच्या भागात चेहरा धुतला की क्षारांचा पातळसा थर मागे राहतो, आणि करंट वालं पेन त्यालाही ओलावाच समजतं.

ह्याच्या उलट गंमत आमच्या घरी झाली. पेनाचा एक स्वस्त नमुना मी उघडून बघायला घरी आणला होता, आईने हाताला खोबरेल लावलं होतं, म्हणाली माझंही बघ. टेकवलं तर आकडा धाडकन खाली, एक आकडी. आई म्हणते, "अरे म्हणजे तेल लावून कातडी वाळली की काय? साठ वर्षं लावतेय मी!" तिला म्हटलं, वाळली नाही गं, टोकांच्या आणि तुझ्या कातडीच्या मध्ये तेल आलं, वीज अडली, पेनाला काही दिसलंच नाही. रात्री तेल तसंच राहू दिलं, सकाळी कोरड्या कपड्याने पुसून, पंधरा मिनिटं थांबून मोजलं तर तेल न लावलेल्या हातापेक्षा चांगलं वर. कारण आतून जे पाणी हळूहळू उडून जात असतं त्याला तेलाने झाकण घातलं होतं. व्हॅसलिनचंही असंच. म्हणजे एकच तेल, संध्याकाळी पेन म्हणतं वाईट, सकाळी म्हणतं चांगलं. आई मात्र तेव्हापासून त्या पेनाला 'तुझं ते खोटारडं' म्हणते.

तर मावशीला सांग की पेन फेकू नको, वापरायची रीत बदल. क्लायंट आली की तिला पंख्याखाली किंवा एसीत बसव, त्या दिवशी तिने घरून काही लावून यायचं नाही, आणि वीस-तीस मिनिटांनी मोज. एकाच ठरलेल्या जागी, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याच्या सरळ खाली गालाच्या उंचवट्यावर वगैरे, पाच वेळा, दर वेळी किंचित सरकवून. त्याच ठिपक्यावर परत परत दाबलं तर टोकांखाली वाफ कोंडते आणि आकडा आपोआप चढत जातो, करून बघ, मजा येते. दाब पण सारखा हवा, जोरात दाबलं की वाढतं. चांगल्या प्रोबमध्ये म्हणूनच स्प्रिंग असते, पेनात नसते, तर पेन स्वतःच्या वजनाने टेकेल एवढंच धरायचं. पाच आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घ्यायचा. आणि तुलना करायची ती फेशियलच्या आधी-नंतरची नको, ह्या महिन्यात आली तेव्हाची आणि पुढच्या महिन्यात आली तेव्हाची, बसवून, तशीच मोजलेली. वहीत तारखेसोबत त्या दिवशीची हवा लिहून ठेव, जुलै आणि जानेवारीचे आकडे शेजारी ठेवून क्लायंटला दाखवलेस तर ते फसवणंच झालं. खरंच क्रीमचा फरक दाखवायचा असेल तर दोन्ही हातांच्या आतल्या बाजूला, मनगट आणि कोपर सोडून मधे, एका हाताला लाव, दुसरा तसाच ठेव, दोन तासांनी दोन्ही मोज. केस नसलेली जागा म्हणून ती बरी.

एक गोष्ट कडक शब्दांत. ह्या आकड्यावरून "तुम्ही पाणी कमी पिता" असं कुणाला सांगू नका. शरीरातलं पाणी आणि पापडातली ओल ह्या वेगळ्या गोष्टी, आत्ता तांब्याभर पाणी प्यायलं म्हणून दहा मिनिटांत गालावरचा आकडा हलत नाही. आणि जुलाब-उलटीने गळालेल्या लहान मुलाच्या कपाळाला पेन लावून 'ठीक आहे' म्हणणारे लोक मी पाहिलेत. तिथे पेन नाही, ओआरएस आणि डॉक्टर.

आता तुझं प्रोजेक्ट. आर्डुइनो (प्रोजेक्टवाल्यांचा छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड) सोबत ते जीएसआर, म्हणजे गॅल्व्हॅनिक स्किन रिस्पॉन्स मॉड्यूल मिळतं, बोटाला दोन पट्ट्या बांधायचं, ते घेऊन 'स्किन हायड्रेशन मीटर' नाव देऊ नकोस, दर वर्षी दोन-तीन ग्रुप हेच करतात. त्यात डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा करंट असतो, आणि डीसी घामाच्या नळ्यांची सोपी वाट धरून जातो, म्हणजे ते घाम आणि टेन्शन मोजतं, व्हायव्हाला एक्स्टर्नल परीक्षक समोर येऊन बसला की तुझं 'हायड्रेशन' वाढेल. शिवाय डीसीने टोकांवर आयन साठतात, रीडिंग सरकत राहतं. ह्यासाठी एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारा करंट पाहिजे आणि बऱ्यापैकी वरच्या फ्रिक्वेन्सीचा. इम्पीडन्स (एसी करंटला होणारा अडथळा) मोजणारी एडी५९३३ ही आयसी कॉलेजवाल्यांची आवडती, पण ती १०० किलोहर्ट्झलाच थांबते, इम्पीडन्स शिकायला छान, ह्या कामाला अपुरी. मी तुझ्या जागी असतो तर कपॅसिटरचा रस्ता धरला असता: पीसीबीवर (छापील सर्किट बोर्डवर) कंगव्याची नक्षी, ७४एचसी१४ ह्या आयसीच्या एका गेटचा ऑसिलेटर, कंगवा हाच त्याचा कपॅसिटर, रेझिस्टर बदलत १ मेगाहर्ट्झच्या आसपास आणायचा, आणि आर्डुइनोच्या टायमरने फ्रिक्वेन्सी मोजायची. सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळेल.

कंगव्यात खरी मेख आहे. दातांमधलं अंतर जेवढं, साधारण त्याच मापाच्या खोलीपर्यंत फील्ड कातडीत उतरतं. १ मिलिमीटर अंतर ठेवलंस तर तुझं यंत्र पापड ओलांडून खालच्या जिवंत, कायम ओल्या कातडीत घुसेल आणि सगळ्या माणसांचे आकडे जवळपास सारखे येतील, मग तुला वाटेल सर्किट बिघडलं. पीसीबी वाल्याला त्याचं सगळ्यात बारीक अंतर विचार, बहुतेक जण ६ मिल म्हणजे दीडशे मायक्रॉनपर्यंत देतात, तेही जास्तच आहे पण चालवून घे. वरचा हिरवा सोल्डर मास्क (बोर्डवरचा रंगाचा थर) काढायला सांगू नको, तोच तुझं इन्सुलेशन. आणि ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता तारा खोचायचा बोर्ड) नको, त्याच्या दोन पट्ट्यांत स्वतःचेच काही पिकोफॅरड (कपॅसिटन्सचं अगदी बारीक एकक) असतात आणि तुझा सिग्नलच काही पिकोफॅरडचा. प्रत्येक रीडिंगच्या आधी हवेत धरून एक रीडिंग घे आणि त्याच्याशी गुणोत्तर काढ, नाहीतर खोली तापली की आयसी सरकते आणि तू कातडीला दोष देशील.

माणसाला लावताना फक्त बॅटरी. लॅपटॉप चार्जिंगला आणि यूएसबी आर्डुइनोला, हे अजिबात नको, एक तर सुरक्षित नाही आणि दुसरं म्हणजे माणूस मेन्सशी, म्हणजे घरच्या विजेच्या लाइनशी, जोडला जाऊन आकडे नाचतात, डेटा एसडी कार्डवर घे. मेडिकल उपकरणांच्या मानकात मुद्दाम शरीरातून जाणाऱ्या एसी करंटची नेहमीची मर्यादा १०० मायक्रोअँपियर आणि डीसीची १० आहे, तू त्याच्या बरीच खाली राहा. पेसमेकर असलेल्या कुणावर प्रयोग करू नको, आजोबा कितीही उत्साही असले तरी.

कॅलिब्रेशनसाठी किचन वापर. तीन काचेच्या बरण्या घे, घट्ट झाकणाच्या, लोणच्याच्या चालतील पण धुऊन वास घालवून. एकीत तळाला मिठाचा ओला चिखल, म्हणजे पाण्यात विरघळून वर मीठ शिल्लक राहील इतका, त्यावरची हवा ७५ टक्के आर्द्रतेला स्थिर होते. दुसरीत मॅग्नेशियम क्लोराइडचा तसाच चिखल, ती ३३ ला. तिसरीत पोटॅशियम सल्फेट, ती ९७ च्या जवळ. हे दोन क्षार कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमधून मागून आण. प्रत्येकीत चिखलाला न लागेल अशा जाळीवर एक उडदाच्या पापडाचा तुकडा आणि एक फिल्टर पेपरचा तुकडा ठेव, दोन दिवस झाकण उघडू नको. मग पटकन काढून कंगव्यावर ठेव, वरून सगळ्यांना एकाच वजनाने दाब, बाटलीचं बूच आणि त्यावर रुपयाची चार नाणी असं काहीही चालेल. पापडात मीठ आणि पापडखार आहे, कागदात नाही, त्यामुळे एकाच बरणीतून आलेले असूनही दोघांचे आकडे वेगळे येतील. तो फरक वेगळ्या कॉलममध्ये लिही, आणि मावशीचं पेन आणून तेच सहा तुकडे त्यानेही मोज. ९७ वाल्या बरणीतला पापड मात्र दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नको, बुरशी येते, माझ्या मुलीने ठेवला होता आणि बरणी अजून ओट्याखाली तशीच आहे, कुणी उघडायला तयार नाही.